रुखवतातले सहा प्राणी

तेलीबांधा, रायपूर
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

विजयाताई,

साष्टांग नमस्कार लिहिलं, खोडलं. सप्रेम लिहिलं, तेही खोडलं. बावीस वर्षांनी सख्ख्या बहिणीला लिहायचं तर वर काय लिहितात, हे मला कुणी शिकवलेलं नाही. म्हणून नुसतं विजयाताई.

पार्सल पोचलं. देवश्री काल दुपारी स्कूटीवर पायांत दाबून घेऊन आली. मी म्हटलं, अगं पोट्टे, आत काच आहे, तर म्हणे कुछ नहीं होता मावशी. तुझी ही लेक वर्षभरापूर्वी इथे नोकरीला आली आणि पहिल्यांदा माझ्या दारात उभी राहिली, तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. नाक तुझं आहे हे चहा प्यायल्यावर लक्षात आलं. ती माझ्याकडे येते हे तुला पहिल्यापासून माहीत होतं, हे मात्र मला कालच कळलं.

सहाही चित्रं शाबूत आहेत. एका काचेला तडा आहे, तो जुनाच असावा. ज्या वर्तमानपत्रात बांधली होती ते दोन हजार तीनचं निघालं, म्हणजे तेव्हापासून माळ्यावरच होती. आणि वर तुझं पत्र. फोन नको करू, फोनवर मला बोलणं होणार नाही, असं तू लिहिलंस, म्हणून मीही लिहूनच राहिली आहे.

तू माफी मागितलीस. ते वाक्य मी तीनदा वाचलं. 'विनू, तुझी चित्रं मी दहा वर्षं माझी म्हणून मिरवली, तू चारचौघींत बोललीस ते खरं बोललीस, आणि मी उलट तुझ्यावरच रुसून बसली.' बरोबर तसंच आहे ते. या ओळीची मी बावीस वर्षं वाट बघितली आहे, खोटं कशाला सांगू. आता आली तर काय करायचं ते सुचत नाही. माफ केलं म्हणते. केलं माफ.

तुला आठवतं ना सगळं? त्र्याण्णवचा मे. तुझं लग्न आठवड्यावर, तू अजून भिलाईला बँकेत, आणि रुखवतात मांडायला काय, तर सुपारीचे भटजी-भटजीण आणि काकूने दिलेलं एक लोकरीचं तोरण. वऱ्हाड अमरावतीहून येणार, वकिलाचं घर. आईने जेवण सोडलं होतं. पोरीच्या हातचं काहीच नाही म्हणतील व, एवढंच तिचं चालू. तुझ्या हातचं असणार तरी कुठून, तुझा हात आकड्यांवर चालायचा. मग ही सहा चित्रं झाली. गोल बाजारातून फ्रेमा आल्या, टेबलावर ओळीने मांडली गेली, आणि खाली कार्ड लागलं, 'चि. सौ. कां. विजया हिच्या हातची'. कार्ड कुणी लिहिलं वगैरे आता उकरायचं नाही. तू मंडपात ते वाचलंस आणि एका शब्दाने बोलली नाहीस, हे मला लागलं होतं.

नंतरची दहा वर्षं तुझी पोस्टकार्डं. गौरीपुढे मांडायला एक चित्र पाठव, नणंदेच्या डोहाळजेवणाला एक पाठव. मी काढायची, तू खाली सही करायची. मग ती संक्रांत, तुझ्या घरचं हळदीकुंकू, मंडळाच्या पन्नास बायका, आणि चित्रकार सून म्हणून तुझा सत्कार. त्यात तुझ्या सासूबाई मला म्हणतात, 'तुम्ही तर चित्रकलेच्या मास्तरीण ना, बहिणीकडून शिकायचं होतं काही.' मी माणूस आहे. मी म्हटलं, ती सहाही चित्रं माझी आहेत, विचारा तुमच्या सुनेला. बोलली आणि तिळगूळ न घेता निघाली.

ते आता संपलं. तू माफी मागितलीस, मी दिली. सासूबाई कशा आहेत? शहाऐंशीच्या झाल्या म्हणते देवश्री.

तुझी,
विनोदिनी


तेलीबांधा
मंगळवार, १० डिसेंबर २०२४

ताई,

तुझं उत्तर परवा मिळालं. तू सासूबाईंचं लिहिलंस ते मला माहीत नव्हतं. देवश्री कधी बोलली नाही. त्या दिवसापासून तू पुरणपोळी केलीस तरी 'हे तरी तुझ्या हातचं का?', स्वेटर विणलास तरी 'हे तरी तुझ्या हातचं का?', आणि भाऊजी शेजारी पेपर वाचत बसलेले. बावीस वर्षं. तू आपलं सहज दोन ओळींत लिहिलंस आणि पुढे हवापाण्याचं लिहिलंस. मला नंतर जेवण गेलं नाही.

मी तेव्हा निघून आली ती आली, मागे काय झालं असेल याचा विचारच केला नाही. म्हणजे केला, पण असा केला की तुला दोन दिवस बोलणी बसतील आणि मग लोक विसरतील. बाबा गेले तेव्हा तू तेरा दिवस इथे होतीस आणि माझ्याशी बोलली नाहीस, मला वाटलं काय हा ताठा.

आता तुझ्या बेताबद्दल. देवश्रीने मला सांगितलं ते अर्धवट, तुझ्या पत्रातून नीट कळलं. बारा जानेवारीला इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये प्रदर्शन, माझ्या नावाने, हीच सहा चित्रं समोर, आणि तू स्वतः येऊन माइकवर सांगणार, 'ही माझ्या बहिणीची आहेत.' तुझं तिकीटही काढून झालं म्हणे. तिने हॉलवाल्यांशी बोलून ठेवलं, कार्डही लिहायला घेतलं. मला कुणी विचारलं? मी नको म्हटलं तर पोट्टी म्हणते, मावशी, मम्मी पहली बार कहीं जाना चाहती है.

तू ये. येण्याबद्दल माझं काही नाही. गादी-उशा आहेत, माझं घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट चालते. पण माइक कशाला? आपण दोघी तळ्याकाठी फिरू, बोलू, झालं. याचा विचार कर.

तू विचारतेस, 'हे प्राणी तुला सुचले कुठून, मी त्यांतला एकही कधी पाहिला नाही.' देवश्रीलाही तेच हवं आहे, कार्डावर छापायला. एकेक बघ. फावड्यासारख्या हातांचा तो, ज्याला डोळे जवळजवळ नाहीतच. सोंडेचा उंदीर. शेपटीखाली केसांची झालर असलेली चिचुंद्री. पाणमांजर. चपट्या शेपटीचा तो गलेलठ्ठ. आणि चोचवाला, ज्याला तुझ्या सासूबाई बदकमांजर म्हणायच्या. सगळे एकतर बीळ करून राहणारे, नाहीतर पाण्याकाठी. तुला वाटतं मी ते मनाने काढले. तू लिहिलंस, 'एवढ्याशा खोलीत बसून तू हे सगळं डोक्यातून काढलंस, मला तेव्हाही तुझा अभिमान वाटायचा.' असं नको लिहीत जाऊ.

देवश्रीच्या ऑफिसातल्या कुणीतरी ते ओळखले. सगळे खरे प्राणी आहेत म्हणे, कुणी रशियाचा, कुणी ऑस्ट्रेलियाचा. चपट्या शेपटीच्या त्याची शेपटी हिरवी नसते म्हणे, मी ती हिरवी केली आहे, पानासारखी. मला कुठे ठाऊक होतं. ती विचारते, इंटरनेट के बिना कैसे बनाया? मी म्हटलं, बाबांच्या ऑफिसातल्या एका जुन्या पुस्तकात बघितले होते. हे खोटं नाही. बाबा वनखात्याच्या कचेरीत होतेच, पुस्तक होतंच.

रंग माझे आहेत. रंगांबद्दल कुणी काही म्हणू शकत नाही.

हे पत्र मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिलं आहे, आणि अजून मला हवं ते यात आलेलं नाही. काय हवं ते मलाच नीट कळून नाही राहिलं.

विनू


गुरुवार, १९ डिसेंबर

ताई,

हे पत्र मी बहुतेक टाकणार नाही. पण कुणाशी तरी बोलायला पाहिजे, आणि अशा गोष्टी बोलायला मला लहानपणापासून तूच होतीस. त्याचं काय करायचं?

आज देवश्रीने सुट्टी घेतली आणि मला चित्रं घेऊन गोल बाजारात नेलं, नव्या फ्रेमा करायला. यशदीप म्हणून फ्रेमवाला आहे, चाळिशीचा, शाळेची सगळी सर्टिफिकेटं मी त्याच्याकडूनच करवून घ्यायची. दुकानात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं, एवढं ते दुकान. देवश्रीची स्कूटी कुणाच्या तरी ठेल्याला अडली होती, ती हलवायला गेली. यशदीपने पहिल्या फ्रेमचे खिळे काढले, पुठ्ठा उचलला, चित्र हातावर घेतलं. मग उजेडात तिरकं धरलं. मग खिशातून भिंग काढलं.

मी तिथेच उभी होती ताई. मी त्याला थांबवू शकली असती.

तो म्हणाला, 'दीदी, ये हाथ का काम नहीं है. रंग हाथ का है. लकीर छापे की है, तांबे पे खोद के छापते थे न, वो. पुराना है, बहुत पुराना. किसी ने चारों तरफ से काट दिया है.' त्याने मला कडा दाखवल्या. ब्लेडने पट्टी लावून कापलेल्या कडा, सरळ, स्वच्छ, चित्रकलेच्या माणसाने कापाव्यात तशा.

मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, आप फ्रेम बनाइए, बस. और बिटिया को मत बोलिए.

तो मान हलवून हव म्हणाला. त्याने माझ्याकडे जरा बघितलं आणि भिंग खिशात ठेवलं. तेवढ्यात देवश्री आली, हसत, घामाघूम. तिने विचारलं, अंकल, कैसी हैं मौसी की पेंटिंग? तर तो म्हणाला, बहुत अच्छी. माझ्यासाठी एक परका माणूस खोटं बोलला. मी बावन्न वर्षांची आहे, आठवीच्या पोरांना नक्कल करताना पकडून बाकावर उभं केलं आहे मी.

घरी आल्यापासून डोकं फिरलं आहे. एकदा वाटतं, कुणाचं काय बिघडतं? तू येशील, माइकवर बोलशील, सगळे टाळ्या वाजवतील, आपण दोघी घरी येऊन वांग्याची भाजी करू. मला माझी बहीण मिळेल. एवढंच तर हवं आहे मला. तुझी माफी मी खोट्यावर घेतली असेल, पण बहीण तर खरी मिळेल ना? मग वाटतं, ताई माइकवर उभी राहून, सगळ्यांसमोर, जे तिने केलंच नाही त्याची माफी मागणार, आणि मी पहिल्या रांगेत बसून मान हलवणार. मग पुन्हा वाटतं, तिला कळलं तर ती येणारच नाही. मग पुन्हा पहिल्यापासून.

सांगितलं तर तू जाशील. नाही सांगितलं तर तू राहशील, पण मग मी तुझ्यासमोर कशी बसू?


तेलीबांधा, रायपूर
शनिवार, २८ डिसेंबर २०२४

ताई,

सोबत एकोणीस तारखेचं पत्र जोडलं आहे. टाकणार नव्हती ते. ते आधी वाच, मग हे.

काल देवश्री प्रदर्शनाचं कार्ड घेऊन आली. त्यावर माझं नाव आणि खाली 'बत्तीस वर्षांपूर्वीची, कल्पनेतून साकारलेली'. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. तुझ्यासारखीच ऐकते ती, खाली बघत. शेवटी म्हणाली, 'मम्मी को आप खुद बताओगी. मैं नहीं.' आणि हेल्मेट उचलून गेली. कार्डं इथेच टाकून गेली आहे.

तर मी सांगते.

ती चित्रं तुझी नव्हती आणि माझीही नव्हती. बाबांच्या कचेरीतली जुनी पुस्तकं रद्दीत निघाली तेव्हा त्यांनी एका फाटक्या पुस्तकाची आठ पानं उचलून आणली होती. तांब्यावर कोरून छापलेली, नुसत्या काळ्या रेघांची. केसन् केस दिसायचा. बाबांनी ती ट्रंकेत कागदपत्रांच्या खाली ठेवली आणि फक्त मला दाखवली, चित्रातलं हिलाच कळतं म्हणून. तू तेव्हा आठवडाभर भिलाईला असायचीस. मी ती तासन् तास बघायची आणि वाटायचं, असं मला कधी येणार नाही.

तुझ्या लग्नाच्या आठवड्यात आईचं रडणं बघवेना. मीच म्हटलं, थांब, मी करते काहीतरी. बाबा दौऱ्यावर होते. ट्रंकेतून सहा पानं काढली. प्रत्येक पानाखाली बारीक अक्षरात परकीय भाषेत छापलेलं होतं, प्राण्याचं नाव, डावीकडे चित्र काढणाऱ्याचं, उजवीकडे कोरणाऱ्याचं. आणि चौफेर दाबाची एक खूण असते तांब्याच्या पत्र्याची. ते राहिलं असतं तर कुणाही शहाण्याला कळलं असतं की हे छापील आहे. मी पट्टी ठेवली आणि ब्लेडने चारी बाजू कापल्या. आई शेजारी बसून पट्ट्या झेलायला पातळाचा पदर धरायची. ते कापलेले कागद तिने पाणी तापवायच्या बंबात घातले. मग मी रंग भरले, वडीच्या रंगांनी. ते रंग काही फार चांगले नाहीत, आज बघते तर चिचुंद्रीचं पोट मी गुलाबी केलं आहे.

कार्ड मी लिहिलं. तू ते अक्षर ओळखलं होतंस. पहिल्या पत्रात मी लिहिलं की तू मंडपात एका शब्दाने बोलली नाहीस. खोटं आहे ते. तू शालू सावरत माझ्याजवळ आलीस आणि म्हणालीस, 'विनू, हे काय आहे? मी नाही काढली ही.' आणि मी म्हटलं, चूप बस, लोक बघून राहिले, आईची लाज जाईल. तू आईकडे बघितलंस आणि चूप बसलीस. पंचवीस वर्षांची नवरी, दुसरं काय करणार होतीस? मुंडावळ्या बांधलेल्या मुलीला मी खोटं बोलायला बसवलं, आणि दहा वर्षांनी त्यासाठीच तुला पन्नास बायकांत उभं केलं.

बाबा लग्नाच्या सकाळी पोचले. टेबलापुढे थांबले, चष्मा काढून पुसला, परत घातला. मला एवढंच विचारलं, 'कापलीस?' मी हो म्हटलं. त्यानंतर उरलेली दोन पानं त्यांनी मला कधी दाखवली नाहीत. ते गेल्यावर त्यांच्या कपाटात सापडली, दोन पुठ्ठ्यांमध्ये, सुतळीने बांधलेली.

आता जे आईलाही माहीत नव्हतं ते. त्या संक्रांतीला तुझ्या सासूबाईंनी मला टोमणा मारायच्या आधी आणखी एक म्हटलं होतं, ते मी तुला लिहिलं नाही. त्यांनी माझी पोस्टाने आलेली चित्रं, गौरीची आणि डोहाळजेवणाची, त्या सहांच्या बाजूला धरली आणि बायकांना म्हणाल्या, 'लग्नातली बघा आणि ही बघा. संसारात हात गेला हो पोरीचा.' सगळ्या बायकांनी माना हलवल्या. ताई, ती माझी खरी चित्रं होती. तेवढीच माझी होती. आणि पन्नास बायकांनी बघून ठरवलं की ही काही नाहीत. मला तेव्हा काय झालं ते मी आजपर्यंत स्वतःलाही नीट सांगितलेलं नाही. मला वाटलं, कुणीतरी मला एकदा तरी चांगली चित्रकार म्हणावं, मग ती चित्रं कुणाची का असेनात. म्हणून मी माझी म्हणाली. दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या कुणा माणसाची चित्रं मी माझी म्हटली, आणि चोर तू ठरलीस.

शाळेच्या मुलाखतीतही मी त्यांचेच फोटो दाखवले होते. एकदा सांगायला बसली तर सगळंच सांगते.

उरलेल्या दोनपैकी एक यासोबत पाठवते आहे, पाणउंदीर आहे बहुतेक. न कापलेलं, न रंगवलेलं. खाली दोन्ही नावं आहेत, मला ती उच्चारता येत नाहीत. बोट फिरवलंस तर कडेची खूण लागेल. माझ्या बोलण्यावर तू आता काहून विश्वास ठेवशील, म्हणून पाठवते आहे.

प्रदर्शन रद्द केलं आहे. मंडळात मी स्वतः जाऊन सांगितलं. तिकिटाचं तू बघ.

विनोदिनी


तेलीबांधा, रायपूर
सोमवार, ६ जानेवारी २०२५

ताई,

काल तुझा फोन आला तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालून राहिली होती. तुझा आवाज आईसारखा झाला आहे. तुला सांगायचं होतं, पण तू मला बोलू दिलं नाहीस, आणि बरोबरच केलंस.

तू विचारलंस, 'मले एवढंच सांग. त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललीस, तेव्हा तुले माहीत होतं?'

मी हो म्हटलं.

तू म्हणालीस, 'सासूबाई मरेपर्यंत मले चोर समजतील, विनू. आणि मीही स्वतःले चोरच समजत होती.' आणि फोन ठेवलास.

मी त्यानंतर दोनदा लावला, तू उचलला नाहीस. देवश्रीला विचारलं तर म्हणते, मम्मी ठीक है, बात नहीं करना चाहती. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की मोकळं वाटेल, लोक म्हणतात तसं. काही मोकळं वाटत नाही. पण आता डोक्यात गोंधळ नाही, एवढं खरं. दीड महिना मी एकाच जागी गरगरत होती, हे करू का ते करू. काल तू फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा सरळ दिसलं.

तू माझ्याकडे मागितलेली माफी मला ठेवून घेता येत नाही. मी ती घाईघाईने घेतली होती, वर 'केलं माफ' असा तोराही दाखवला होता. ती परत करते आहे. तुझ्याकडे माझी मागते आहे असंही म्हणत नाही, कारण पत्रात माफी मागायला काय जातं, कुणी बघत नाही. मी तुझं नाव चारचौघींत घालवलं. पत्राने ते भरून निघत नाही.

म्हणून, बारा तारखेला तू इकडे येणार होतीस, ते राहिलं. त्या दिवशी मी तिकडे येते. बडनेऱ्यापर्यंतचं तिकीट काढलं आहे, सकाळी अकरापर्यंत तुझ्या दारात असेन. मला तुझ्याशी काही बोलायचं नाही. मला सासूबाईंशी बोलायचं आहे. चित्रं मी काढली नाहीत, तू चोरली नाहीस, कापली मी, कार्ड लिहिलं मी, आणि मंडपात तुला चूप बसवलं मी. ही पाच वाक्यं मी त्यांना सांगणार आहे. त्या हळदीकुंकवातल्या ज्या कुणी अजून तुमच्या गल्लीत असतील त्यांना तू बोलावलंस तर बरं, नाही बोलावलंस तर मीच दारोदार जाईन. मला लाज वाटेल. वाटू दे.

देवश्री म्हणते, आजीला आता कमी ऐकू येतं. मी एकोणतीस वर्षं साठ-साठ पोरांच्या वर्गात बोलली आहे, माझा आवाज पोचेल. दार उघडलंस तर खोलीत सांगेन, नाही उघडलंस तर पायरीवर उभी राहून सांगेन. त्या म्हणतील, हे तरी खरं का? म्हणू दे. मी पुन्हा सांगेन.

त्यानंतर तू मला आत घे, घेऊ नको. पाणी विचार, विचारू नको. दुपारची परतीची गाडी आहे, मी तुझ्याकडे राहायला येत नाही आहे. पण हे सांगताना मला तू समोर हवी आहेस, कारण त्या दिवशीही तू समोर होतीस.

बाकी काही मागत नाही. रविवारी तू फक्त घरी अस.

विनू